‘ताई, तुम्ही नाही म्हणजा’ : एका तिसऱ्या वाढदिवसाचा प्रकरण अभ्यास

डिसेंबर २०२४. गटाची बैठक उठली, सतरंजी झटकून झाली, पेटीला कुलूप लागलं. बाकी बायका घरोघर गेल्या, छकुलीची आई तेवढी चपला शोधत रेंगाळली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, पुढच्या बुधवारी मी पंधरा हजार मांगीन. तुम्ही नाही म्हणजा."

मी बचत गटांची सीआरपी आहे. ‘उमेद’ अभियानात गटांच्या वह्या, बैठका, कर्जमागण्या बघायला गावातलीच एक बाई नेमलेली असते, ती मी. कर्जासाठी रडलेल्या, भांडलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. माझंच कर्ज नामंजूर करा म्हणणारी ही पहिली. कारण विचारलं तर म्हणाली, "पोरीचा बड्डे हाये सत्तावीस जानेवारीले. घरातली आई, म्हंजे सासू, म्हणते, गटातून उचल. मले मोठा नाही कराचा. मी नाही म्हटलं तं मीच वाईट. गटानं नाही म्हटलं तं कोणीच वाईट नाही."

मी तिला तिथंच सांगितलं की हे मी करणार नाही. ती नाराज होऊन गेली. त्या रात्री मलाही झोप नीट लागली नाही, कारण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या घरात याआधी एक वाढदिवस पैसा नाही म्हणून साधा झाला होता आणि त्याची सल अजून गेली नव्हती. गटानं नाही म्हटलं असतं तर हाही तसाच झाला असता.

हे सगळं घरच्यांना विचारून, नावं गाळून लिहिते आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या कर्जवह्यांत ‘घरखर्च’ या शब्दाखाली वाढदिवस यायला लागले आहेत आणि त्याबद्दल बोलताना सगळ्या अवघडतात, म्हणून.

घर

गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं. जमिनीखालचं पाणी खारं आहे, विहीर खोदली तरी ओलीत करता येत नाही. पावसाच्या भरवशावर कापूस आणि तूर, जमिनीत राहिलेल्या ओलीवर हरभरा. पैसा वर्षातून एकदाच दिसतो आणि तो दिसतो नेमका डिसेंबर-जानेवारीत. तो पैसा कृषी केंद्राच्या उधारीचा, सोसायटीचा, दवाखान्याचा असतो, पण दोन-चार आठवडे घरात असतो. जानेवारीतला वाढदिवस म्हणूनच अवघड. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर कोणी मंडप घालत नाही.

तीन एकर शेती. छकुलीचे बाबा मालवाहू ऑटो चालवतात. आई बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली, ब्लाउज शिवते. आजी-आजोबा घरातच. काका पुण्याकडे चाकणला कंपनीत. आत्या अकोटला दिलेली, मामा मूर्तिजापूरकडचा. शेजारी एक काकू राहतात, विधवा आहेत. छकुली दीड वर्षाची होईपर्यंत आई मशीनवर बसली की पोर त्यांच्याच मांडीवर असायची. या काकूंचा विषय पुढे येतो.

पहिला वाढदिवस जानेवारी २०२३ मध्ये झाला, जावळासोबत. मंडप, डीजे, तीन किलोचा केक, नावाचं थर्माकोल, अडीचशे माणसांचं जेवण. खर्च ४६,००० रुपये. त्यातले २०,००० गटाचे, महिना शेकडा दोननं, वीस हप्त्यांत. दर महिन्याला हजार मुद्दल आणि वर व्याज. शेवटचा हप्ता सप्टेंबर २०२४ मध्ये फिटला तेव्हा नुसतं व्याजच ४,२०० रुपये गेलं होतं. मुद्दल तेवढं धरलं तरी २०२४-२५ च्या हंगामातल्या लांब धाग्याच्या कापसाच्या ७,५२१ रुपयांच्या हमीभावानं अडीच क्विंटलांहून जास्त कापूस झाला. आमच्या कोरडवाहू पऱ्हाटीत तो अर्ध्या एकरापेक्षा जास्त रानाचा माल.

त्या दिवसाचे फोटो आईनं मला मोबाईलवर दाखवले. डोक्याला पुठ्ठ्याचा मुकुट, त्याचा रबर हनुवटीखाली रुतलेला, आणि पोर रडते आहे. पुढचा फोटो, रडते आहे. आत्याच्या कडेवर, रडते आहे. एका फोटोत ती शांत दिसली, तर आई म्हणाली, "हा डीजे बंद पडला होता तवाचा." दुसऱ्या दिवशी थर्माकोलच्या ताटल्या वाऱ्यानं उडून शेजारच्या तुरीत गेल्या. सजावटीचं थर्माकोल, थर्माकोलची ताटं, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या देशभरात १ जुलै २०२२ पासून बंद झाल्या आहेत, पण त्या मंडपात हे सगळं होतं आणि कोणाला ते खटकलं नव्हतं.

दुसरा वाढदिवस जानेवारी २०२४ मध्ये, हप्ते चालू असताना. घरातल्या घरात औक्षण, वाटीभर शिरा, संपलं. वरवर पाहता हाच साधा वाढदिवस. पण त्या संध्याकाळी आजीनं पुढचं दार लावून घेतलं होतं. गल्लीतल्या एकीनं सकाळी विचारलं, "काल काही केलं नाही का वो?" आणि ते आजीच्या जिव्हारी लागलं. तिसऱ्याचा पंधरा हजारांचा आग्रह त्या बंद दारातून आला होता. हे मला समजलं ते आजीशी बोलल्यावर.

आजीची वही

मी गेले तेव्हा आजी सपरीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मीही चार शेंगा घेऊन बसले. आमच्या कामात हातात काहीतरी घेऊन बसलं की बोलणं सोपं जातं. मी सुरुवातच चुकीची केली. गाडगेबाबांचं नाव घेतलं. शेंडगाव इथून लांब नाही, बाबांनी कर्ज काढून सण करू नका म्हणून आयुष्यभर सांगितलं, असं मी सुरू केलं.

आजीनं मला अर्ध्यातच थांबवलं. "बाबाची गोष्ट मले नको सांगू माय. माह्यं माहेर दापुऱ्याकडचं. बाबाच्या पोरीचं बारसं होतं, तवा जातीतली रीत दारू-मटणाची. त्याईनं काय केलं? गोडाचं जेवण देल्लं. लोकायले उपाशी नाही धाडलं. पंगत नाही मोडली, पंगतीतलं वाईट मोडलं."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि इतक्या वर्षांत ती मी ‘खर्च करू नका’ अशीच ऐकली होती. माणसं बोलावणं आणि माणसांवर उधळणं या दोन गोष्टी आजीच्या मनात वेगळ्या होत्या. मी आणि छकुलीची आई त्या एकच धरून चाललो होतो.

मग आजीनं आतून वही आणली. शंभर पानी, कव्हरवर हळदीचे डाग. पहिल्या वाढदिवसाचा आहेर त्यात लिहिलेला होता, एकूण ९,४०० रुपये. आजीला लिहिता येत नाही, लिहिलेलं सुनेचं. पण कोणत्या पानावर कोण आहे हे त्यांना तोंडपाठ. बोट ठेवून सांगत गेल्या. "यांच्या नातवाच्या बड्डेले आपण चौघं जेवलो. यांनी दोनशे लावले. यांचा पोरगा चार मयन्यांनी झाला, तवा आपल्याजवळ पैसे नव्हते, गेलोच नाही. आता दार लावून बसलो तं हे लोक काय म्हंतीन? खाल्लं आन पचवलं?"

शहरातून लिहिणारे लोक याला देखावा म्हणतात. आजीसाठी ती उधारी होती आणि उधारी बुडवणारी बाई म्हणून त्यांना जगायचं नव्हतं. ४६,००० रुपयांच्या कार्यक्रमात ९,४०० परत आले, ते कमाई म्हणून आले नव्हते. प्रत्येक शंभराच्या मागे एक जेवण, एक जाणं-येणं अडकलेलं होतं. साधा वाढदिवस करू म्हणणारी सून आजीच्या हिशोबात त्या सगळ्यांना तोंड लपवायला सांगत होती.

उठताना मी सहज विचारलं, आजी, तुमचा वाढदिवस कधी? हसल्या. "आधारवर एक जून हाये." आमच्याकडच्या त्या पिढीतल्या पुष्कळ लोकांची जन्मतारीख एक जूनच, शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली. त्या तर शाळेतही गेल्या नव्हत्या, शिबिरात कोणीतरी तीच टाकून दिली. "मंग तुमच्या लेकरायचं काय करत होते?" यावर त्या म्हणाल्या, "बड्डे कोन करे? संक्रातीले बोरं टाकत होतो डोक्यावरून."

छकुलीची आई चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. बोरन्हाण! पाच वर्षांच्या आतल्या लेकराला संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, मुरमुरे, रेवड्या ओतायच्या, भोवतीच्या पोरांनी त्या लुटायच्या. २०२५ मध्ये रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती. सत्तावीस जानेवारी बरोबर मध्ये पडत होती. आणि हेच दिवस हळदीकुंकवाचे. वहीतल्या साठ घरांतल्या बायकांना तसंही तिळगुळाला, वाणाला बोलवायचंच असतं. जेवणावळीशिवाय सगळ्यांना उंबऱ्याच्या आत घ्यायची वाट पंचांगातच होती. सुचलं मात्र ते आजीच्या तोंडून. माझ्या किंवा सुनेच्या तोंडून आलं असतं तर ती काटकसर ठरली असती.

बाबांचं भय

मी बायकांशीच बोलत राहिले, ही माझी मोठी चूक. छकुलीच्या बाबांना काय वाटतं हे मी विचारलंच नाही. बोरन्हाणाचं ठरल्यावर तिसऱ्या दिवशी तेच बोलले, ऑटोत पोती भरता भरता, माझ्याकडे न बघता. "ताई, पोरगा असता तं केला असता, पोरगी हाये म्हणून बोरावर भागवलं, असं म्हंतीन लोक."

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आजही पूर्ण नाही. मुलीचं काही साधं केलं की ते साधं राहत नाही, कमी होतं. मुलाच्या बापाला साधेपणा शोभतो, मुलीच्या बापाला तो सिद्ध करावा लागतो. पहिल्या वाढदिवसाचा डीजेसुद्धा या भीतीतून आला होता, हे मला तेव्हा कळलं. ‘पहिली बेटी धनाची पेटी’ म्हणायला आलेल्या लोकांना या माणसानं डीजे लावून उत्तर दिलं होतं.

मार्ग त्यांच्या बायकोनं काढला. पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडायचं. ही योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली, दहा वर्षांच्या आतल्या मुलीच्या नावानं खातं निघतं, वर्षाला कमीत कमी २५० रुपये भरावे लागतात, आणि त्या वर्षी व्याज ८.२ टक्के होतं. तुरीच्या पैशातून ५,००० रुपये पहिला भरणा. वाढदिवसाला सोमवार होता, पोस्ट उघडं होतं. बाबांनी सकाळी स्वतः जाऊन पैसे भरले आणि पासबुक शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. दिवसभर तिथंच होतं. संध्याकाळपर्यंत किमान दहा जणांनी ते हातात घेऊन पाहिलं असेल. तुझ्या पोरीसाठी काय केलं, या प्रश्नाला दाखवायला त्यांच्याजवळ काहीतरी पाहिजे होतं. भाषणानं ती गरज भागली नसती.

पंधरा हजारांची मागणी गटासमोर आलीच नाही.

ठरवाठरवी

काकांनी पुण्याहून एका मोठ्या हॉलमधल्या वाढदिवसाचे फोटो पाठवले आणि केक, सजावट माझ्याकडून म्हणाले. वहिनीनं नको म्हटल्यावर दुखावले. लांब राहणाऱ्या माणसाला वर्षभर काही करता येत नाही, तो एका दिवशी सगळं करायला बघतो. त्यांना काय काम द्यावं हे आम्हाला सुचलं नाही आणि ते पुढे भोवलं.

बाकीच्यांना कामं वाटून दिली. आत्या औक्षण करणार आणि वाण निवडणार. मामाकडून नेहमीप्रमाणे फ्रॉक. आजोबा शेतातून हरभऱ्याचे घाटे आणणार. आजी घरच्या अठरा माणसांसाठी गोवऱ्यांवर भाजायचे रोडगे, वरण आणि सोले (ओल्या तुरीचे दाणे)-वांग्याची भाजी करणार. ज्याच्या हातात काम गेलं त्याचा आग्रह आपोआप कमी झाला. आत्या आधी केकसाठी हटून बसली होती, पण अकोटच्या बाजारात वाणाच्या स्टीलच्या चाळण्या बारा रुपयांना मिळवून आणल्यावर तिनं केकचं नावही काढलं नाही.

अंगणवाडीताईंना आधी विचारलं होतं. त्यांच्या अटी सरळ होत्या : बावीस मुलं आहेत तर बावीस सारखे लाडू, केक नको, छोटी खेळणी नको, आणि लाडवात अख्खा शेंगदाणा नको, कूट पाहिजे. ही शेवटची अट मी गावात सगळ्यांना सांगते. अख्खे शेंगदाणे, कडक गोळ्या, बोराची आठोळी लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकते. तीन-चार वर्षांच्या पोराला नीट चावता येत नाही, ते खाता खाता पळतं, हसतं. बोरन्हाणात तर हे सगळं जमिनीवर पसरलेलं असतं. म्हणून आम्ही बोरं मोठी घेतली, अगदी धाकट्यांसाठी मुरमुरे आणि उसाचे सोललेले मोठे तुकडे वेगळे ठेवले, हलव्याचे कडक दाणे टाळले, आणि शेजारच्या काकूंना एकच काम दिलं : पाटाजवळ बसून कोणाच्या तोंडात काय जातंय ते बघायचं.

काकूंच्या बोलावण्यावरून घरात एक संध्याकाळ तणाव होता. हळदीकुंकवाला विधवेला बोलवायचं नाही, ही रीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, सरकारनं बाकी ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आमच्या गटात आम्ही तेव्हापासून सगळ्यांना कुंकू लावतो. गटाची गोष्ट वेगळी, आपल्या घरातली वेगळी. सून म्हणाली, "आई, पोरीले दीड वर्स त्याईनं सांभाळलं. त्या नाही आल्या तं मी बोरन्हाणच करत नाही." तिनं एवढं स्पष्ट बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बोलाव. पन तू बोलावलं म्हणून नाही, मी बोलावलं म्हणून सांग."

सत्तावीस जानेवारी

सकाळी अंगणवाडीत लाडू वाटले. छकुलीनं स्वतः डबा धरला होता. प्रत्येकासमोर थांबून ती आधी लाडू नीट पाहायची, मग द्यायची. शेवटच्या दोघांना देताना डबा रिकामा होतोय हे तिच्या लक्षात आलं आणि ती रडायला लागली. ताईंनी तिचा लाडू वेगळा काढून ठेवलेला दाखवला तेव्हा थांबली.

दुपारनंतर अंगण सारवलं. पाटाभोवती रांगोळी, दोरीला पाच फुगे. फुगे उंच बांधले आणि फुटलेल्या फुग्याचा रबर लगेच उचलायचा असं मोठ्या पोरांना सांगून ठेवलं, कारण त्या तुकड्यानंही लहान मूल गुदमरतं. पाचच्या सुमारास बायका यायला लागल्या. आजी दारात उभ्या होत्या, दार सताड उघडं. एकेकीला आत घेताना त्या म्हणत होत्या, "जेवाचं नाही ठेवलं बरं बाई, बोरन्हाण हाये." हे त्या आधीच, स्वतःहून, प्रत्येकीला सांगत होत्या. त्यामुळे आलेल्या कोणाला ते कोणाकडून ऐकावं लागलं नाही. ‘आहेर आणू नका’ हे मात्र त्यांनी सांगायला ठाम नकार दिला होता, लोकांचा हात धरणं बरं नाही म्हणून. काही जणींनी अकरा, एकवीस रुपये पोरीच्या हातात ठेवले. ते वहीत गेले.

काकू आल्या तेव्हा आत्याच्या हातात कुंकवाचा करंडा होता. ती थबकली, आपल्या आईकडे, म्हणजे आजीकडे, पाहिलं. आजीनं करंडा घेतला आणि स्वतः काकूंना लावलं. कोणी काही बोललं नाही. मागे बसलेल्या दोघी उठून गेल्या, हेही लिहायला पाहिजे.

मग पोर पाटावर. आजोबांनी घाट्यांचा अख्खा भारा आणला होता, तो भोवतीच्या पोरांना दिला. पहिली ओंजळ आजीनं ओतली. मुरमुरे केसांत अडकले, एक बोर कानावरून घरंगळून मांडीत पडलं. छकुलीनं ते उचललं, पाहिलं, आणि वर बघून म्हणाली, "अजून." दुसऱ्या ओंजळीला तिनं डोळे मिटले. तिसऱ्या ओंजळीला भोवतीची पोरं तुटून पडली आणि ती पाटावरून उठून स्वतःच लुटायला गेली. तिचं बोरन्हाण तिच्याविनाच पुढे चालू राहिलं. या दिवसाचा तिचा रडतानाचा फोटो नाही. नीट असाही फोटो नाही, सगळ्यांत ती पाठमोरी आहे.

साडेसहाला मोटारसायकलवरून केक आला. दर्यापूरहून, दोन किलोचा, काकांनी फोनवरून सांगितलेला. डब्यासोबत फुलबाजीसारखी उडणारी मेणबत्ती आणि स्नो स्प्रेच्या दोन बाटल्या. बाबांचे मित्र त्याच वेळी आले. छकुलीच्या आईचा चेहरा उतरला, मला वाटलं आता सगळं पहिल्या वर्षासारखं होणार. एकानं बाटली हलवायला सुरुवातही केली होती. औक्षणाचं ताट खाली तसंच होतं, निरांजन जळत होतं. त्या स्प्रेमध्ये बहुतेक वेळा पेट घेणारा गॅस असतो, दिव्याजवळ उडवला तर भडका होतो. वाढदिवसात असे अपघात झालेले आहेत. मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले आणि त्याच्या हातातून बाटली काढून घेतली. "दिवा हाये गा. लेकरं हायेत." एवढंच. मित्र ओशाळला, पण हसून बाजूला झाला. दोन्ही बाटल्या बाबांनी ऑटोच्या सीटखाली टाकल्या.

केकचं आजीनं ठरवलं. "अन्न हाये, फेकाचं नाही. त्यानं पिरेमानं धाडला." चुलीघरात नेऊन विळीनं तुकडे केले, अंगणातल्या पोरांना पत्रावळीच्या तुकड्यावर दिले. काकांना व्हिडिओ कॉल लावला, त्यांनी पुतणीच्या केसातले मुरमुरे पाहिले. केक कापताना का नाही दाखवला असं त्यांनी दोनदा विचारलं. आवाज जड होता. सून म्हणाली, "भाऊजी, पुढच्या वर्षी तुम्हीच या बोरं टाकाले." यावर ते काही बोलले नाहीत.

हिशोब

वाणाच्या ४८ चाळण्या, ५७६ रुपये. तीळ, गूळ, शेंगदाणे ६४०. मुरमुरे, रेवड्या, बोरं, ऊस ४५०. अंगणवाडीचे लाडू ३८०. घरच्यांचं जेवण ९००, त्यात वांगी आणि ओली तूर घरची. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण १५०, फुगे-दोरी ११०. एकूण ३,२०६ रुपये. सुकन्याचे ५,००० वेगळे, ते खर्चात धरत नाही. केक काकांचा. मशीनवरच्या दोन महिन्यांच्या शिलाईतून हे भागलं. वाचलेल्या कर्जमर्यादेतून आईनं मार्चमध्ये पिको मशीनसाठी ८,००० घेतले, ते फिटत आले आहेत.

कष्टाचा हिशोब मात्र वेगळा आहे. मंडप-डीजेच्या वेळी पैसे दिले की काम दुसरे करत होते. या वेळी लाडू, तिळगूळ, सारवण, रोडग्यांच्या गोवऱ्या, सगळं घरच्या तीन बायकांनी केलं आणि रात्री अकराला आई कोपर, म्हणजे मोठी परात, घासत होती. साधं म्हणजे बाईच्या अंगावर, असं होऊ नये यासाठी पुढच्या वेळी काय करायचं, ते मी त्यांच्यासोबत अजून बसून ठरवलेलं नाही. पुरुषांना घाटे आणण्यापलीकडे काम देणं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

जे जमलं नाही

फ्लेक्स लागलाच. मित्रांनी न विचारता बसस्टॉपवर लावला; वर शुभेच्छुकांचे पंधरा चेहरे, खाली कोपऱ्यात छकुली. बाबांना तो काढायला सांगता आलं नाही. मित्रांनी आपल्या खिशातून केलं होतं, आणि ज्याच्या ऑटोला रात्री-बेरात्री धक्का मारायला हेच चौघे येतात, त्यानं त्यांना तोंडावर नाही म्हणणं सोपं नाही. पावसाळ्यापर्यंत तो तिथंच फाटत राहिला.

गल्लीच्या त्या टोकाची दोन घरं राहून गेली. वहीत त्यांचं नाव नव्हतं कारण पहिल्या वेळी ते गावात नव्हते. त्यांना ते लागलं. छकुलीची आई दुसऱ्या दिवशी तिळगूळ घेऊन गेली. एका घरानं घेतला, एकीनं दारातूनच "ठेवा तिथं" म्हटलं. आहेराच्या वहीवरून बोलावणं केलं की असं होतं. बोलावण्याची यादी माणसांवरून करायची असते, हे आजीचंच नंतरचं वाक्य.

इतर घरांना जसंच्या तसं हे सांगता येत नाही. जुलैत जन्मलेल्या लेकराला बोरन्हाण नाही. त्यांच्यासाठी श्रावण संपला की लगेच तान्हा पोळा आहे; लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरणारी पोरं बोजारा, म्हणजे घरोघर मिळालेला खाऊ-पैसा, घेऊन येतात, त्या दिवशी एका घरानं पोराच्या मित्रांना दारात बसवून खाऊ घातला आणि तोच वाढदिवस धरला. शाळेत जाणाऱ्यांसाठी पोषण आहारासोबत ‘तिथी भोजन’ देता येतं, मुख्याध्यापकांना आधी विचारून. जूनमध्ये जन्मलेल्यांचं काय करावं ते मला अजून सापडलेलं नाही. तेव्हा बियाण्याचे पैसे नसतात आणि सणही नसतो.

२०२५ च्या दिवाळीनंतर त्या घरी पुन्हा जाणं झालं. २०२६ मध्ये रथसप्तमी २५ जानेवारीला, रविवारी येणार होती आणि वाढदिवस मंगळवारी. आजी म्हणत होत्या बोरन्हाण रविवारीच, रथसप्तमीनंतर चालत नाही. आई म्हणत होती मंगळवारी पोरीला काय सांगू. काकांनी शनिवार ते मंगळवार रजा टाकली होती आणि बोरं आपण पुण्याहून आणू का असं विचारलं, त्यावर आजोबा अर्धा तास हसत होते. कोपरं घासायला या वेळी बाबा बसणार असं ठरलं होतं. फ्लेक्सचा विषय अजून कोणी काढला नव्हता. छकुली आता चारची होणार होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, "मी पाटावर नाही बसत. मी लुटतो."